ग्रॅम स्टेनिंग संच: रंग चुकतो कुठे?

ग्रॅम स्टेनिंग म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखण्याची पद्धत: ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे दिसतात, ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी. संचात चार बाटल्या आहेत: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अ‍ॅसिटोन-अल्कोहोल आणि सॅफ्रानिन.

स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर, पातळच हवा. स्लाइडवर सलाइनचा लहानसा थेंब घ्या आणि लूपच्या (तारेच्या कडीच्या) टोकाला जेमतेम लागेल एवढीच कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचा पुंजका) त्यात मिसळा. वाळल्यावर स्लाइडखालचा छापील मजकूर वाचता आला पाहिजे. पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीवर धरू नका. दोन-तीनदा फिरवली की पुरे. हाताच्या पाठीला सोसणार नाही इतकी तापली, तर जिवाणूंचा आकार बिघडतो.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुवा. आयोडीन १ मिनिट, धुवा. यानंतर खरी कसोटी तिसऱ्या बाटलीची. स्लाइड तिरपी धरून द्रावण थेंबथेंब सोडा. खालच्या कडेने जांभळा रंग उतरायचा थांबला की लगेच पाण्याच्या बारीक धारेखाली. पातळ स्मिअरला काही सेकंदच लागतात. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंची जाड भित्ती अल्कोहोलने आकसते आणि रंग आत अडकतो. पण जास्त वेळ ठेवलात तर तोही सुटतो आणि ग्रॅम पॉझिटिव्ह स्टॅफिलोकोकस गुलाबी दिसतो. जाड स्मिअरमध्ये उलटे घडते, ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलाय जांभळा राहतो. २४ तासांपेक्षा जुन्या कल्चरवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंवर) तर विसंबूच नका. म्हणून आमचा आग्रह आहे: नमुन्याच्या दोन्ही बाजूंना हे दोन ओळखीचे जिवाणू लावा. चूक कोणत्या बाजूला झाली ते तिथेच कळेल.

शेवटी सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद, धुवा, टिपकागदाने टिपा, घासू नका.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेला की, पंख्याखाली ठेवलेल्या स्लाइडवरचा रंग मिनिटभरातच कडेने वाळू लागतो. त्याचे गडद, वेडेवाकडे कण कोकायसारखे (गोल जिवाणूंसारखे) भासतात. कोकाय एका मापाचे असतात, हे कण लहान-मोठे. फरक एवढ्यावरून ओळखा. स्लाइडवर रंग भरपूर घाला, पंखा बंद ठेवा, क्रिस्टल व्हायोलेट फिल्टर पेपरातून गाळून घ्या. अ‍ॅसिटोन उडून जाते, तेव्हा झाकण लगेच घट्ट लावा. चहासारखे तपकिरी आयोडीन फिकट पिवळे पडले असेल तर टाकून द्या.

बघताना १०० एक्स लेन्स, तेलाचा एकच थेंब, कंडेन्सर वर, डायफ्रॅम उघडा. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५१५, त्यामुळे प्रकाश वाटेत वाकून वाया जात नाही. तेल लावल्यावर ४० एक्स लेन्स स्लाइडवर फिरवू नका. तिच्या टोकाला तेल लागले की पुढची प्रत्येक स्लाइड धूसर दिसते. काम संपल्यावर लेन्स पेपरनेच पुसा. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, तेव्हा मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे जेल गुलाबी झाले की बदला.