हाडं ठिसूळ की हाडं मऊ? डेक्सा आणि रक्ताचा रिपोर्ट एकत्र वाचताना

डेक्साच्या (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीच्या) कागदावर टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला की घरात एकच नाव घेतलं जातं: ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. पण त्याच वेळच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज (हाडात आणि यकृतात तयार होणारं एन्झाइम) वाढलेलं असेल, तर औषध सुरू करण्याआधी थांबावं. डेक्सा हाडातलं खनिज मोजतं. ते कमी का आहे, हे त्या मशीनला कळत नाही. ऑस्टिओमलेशियातही, म्हणजे हाडं मऊ होण्याच्या आजारातही, टी-स्कोअर असाच घसरतो. (शिबिरांत टाचेवर लावतात ते मशीन तर यातलं काहीच नक्की सांगू शकत नाही. त्यावर निदान करून घेऊ नका.)

सोलापुरी चादरीवरून सांगायचं तर ऑस्टिओपोरोसिसमध्ये सूत चांगलं असतं, पण वीण विरळ होते. ऑस्टिओमलेशियात वीण पुरी, पण सुताला खळच लागलेली नसते. पहिल्यात हाडच घटतं. दुसऱ्यात हाडाचा प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, पण त्यात कॅल्शियम-फॉस्फरस भरत नाही. याचं कारण बहुतेकदा ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता.

ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडतो, तेव्हाच कळतं. ऑस्टिओमलेशिया मात्र दुखतो: कंबर, बरगड्या, मांड्या, आणि नडगीवर अंगठ्यानं दाबलं तरी कळ येते. मांड्यांतली ताकद जाते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिन्यात कठडा धरावा लागतो, चाल डुलती होते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर घरात विड्या वळणाऱ्या बाईचं हे दुखणं ‘बसून बसून होतं’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि तिथंच वर्षं वाया जातात.

आता रक्त. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज सहसा नॉर्मल असतात. म्हणून यातलं काही बिघडलं असेल तर दुसरं कारण शोधायलाच हवं. ऑस्टिओमलेशियात ड जीवनसत्त्व बऱ्याचदा 10 नॅनोग्रॅमच्याही खाली, फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) वाढलेलं दिसतं. कॅल्शियम कमी असेल किंवा नॉर्मलही असेल, कारण पीटीएच ते हाडातून ओढून रक्तात आणतं. त्यामुळे ‘कॅल्शियम नॉर्मल आहे, काळजी नाही’ हे वाक्य इथं फसवं ठरतं.

काही आकडे उगाच घाबरवतात. नुकतंच हाड मोडलं असेल तर ते जुळताना अल्कलाइन फॉस्फटेज काही आठवडे वाढलेलं राहतं. यकृतामुळेही ते वाढतं; सोबत जीजीटी (यकृताचं दुसरं एन्झाइम) वाढलेलं असेल तर रोख यकृताकडे. कॅल्शियम कमी दिसलं तर अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, ज्याला कॅल्शियम चिकटलेलं असतं) पाहा. ते 4 पेक्षा जितकं कमी, त्याला 0.8 नं गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम 8.0 आणि अल्ब्युमिन 3.0 असेल, तर खरा हिशेब 8.8, म्हणजे ठीक.

कॅल्शियम वाढलेलं असेल तर ते मात्र हलक्यात घेऊ नये. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवा, पीटीएच तपासा. सोबत हिमोग्लोबिन कमी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) जास्त, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) वाढलेलं असेल, तर मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगासाठी) प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणारी तपासणी, लागते.

ही ओळख का महत्त्वाची, ते उपचाराच्या क्रमात कळतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता तशीच ठेवून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचं, इंजेक्शन दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं: ओठांभोवती मुंग्या, हातापायांत गोळे, कधी झटकेसुद्धा. आधी कमतरता भरायची, मग इंजेक्शन. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) 35 च्या खाली असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देत नाहीत.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती रोजची समजून घेतली की कॅल्शियम धोकादायक वाढतं. औषधाच्या दुकानातून निघण्याआधी पुडीवर वार लिहून घ्या. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, एका वेळी 500 मिलिग्रॅम कॅल्शियमपेक्षा जास्त नको, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. अ‍ॅलेंड्रोनेट ही ऑस्टिओपोरोसिसची गोळी याच्या उलट: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही.

एवढं ऊन असलेल्या गावात ड जीवनसत्त्व कमी कसं? ऊन अंगणात असतं, कातडीवर पडत नाही. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच ते कामाचं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊ-दहालाच ही वेळ येते, म्हणून भर दुपारी तापायची गरज नाही. डिसेंबरात मात्र दुपारचे दोन-अडीच तासच मिळतात. पण ऑस्टिओमलेशिया झाल्यावर नुसत्या उन्हावर विसंबू नये, औषध लागतंच.

उपचार सुरू झाल्यावर अल्कलाइन फॉस्फटेज आधी थोडं वाढू शकतं. हाड भरू लागल्याची ती खूण, औषध बंद करायचं कारण नाही. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. डेक्सा एक-दोन वर्षांनी करा, तीही पहिल्याच मशीनवर, कारण दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.