डोरिया

शिकारी कुत्री पाळणारा, त्यांना शिकवणारा आणि शिकारीत हाताळणारा माणूस. बोलण्यात डुऱ्या. शब्द हिंदीतून आला; डोर म्हणजे दोरी. कुत्रे सोडणे कोणालाही जमते. योग्य क्षणापर्यंत धरून ठेवणे ही या माणसाची विद्या, म्हणून दोरीवरून पडलेले हे नाव चपखलच म्हणायचे.

धंदा जुना आहे. कुत्र्यांचा कळप घेऊन हिंडणाऱ्यासाठी पाणिनीने ‘श्वागणिक’ हा शब्द साधून दिला (अष्टाध्यायी ४.४.११). १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सारमेयविनोद (सारमेय म्हणजे कुत्रा) हे स्वतंत्र प्रकरण आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, शिकारखाना होताच.

आपल्याकडची कारवान, मुधोळ, रामपुरी ही कुत्री नजरेवर धावणारी: निमुळते तोंड, खोल छाती, लांब पाय. डोरिया गळपट्ट्याच्या कडीतून दोरी ओवून दोन्ही टोके मुठीत धरतो. ससा उठला की एक टोक सोडायचे. दोरी सरकन निघते, कुत्रे सुटते. शक्यतो जोडी सोडतात, कारण ससा ऐन वेळी कोलांटून वळतो. पुढचे कुत्रे वेगात पुढे निघून जाते, तेव्हा मागचे कामी येते.

इंग्लंडातला हंट्समन वासावर चालणारा मोठा कळप सांभाळतो. तिथे मोजणी जोड्यांनी होते. साडेसतरा जोड्या म्हणजे ३५ कुत्री! प्रत्येकाचे नाव आणि आवाज त्याला ठाऊक असतो. नवे पिल्लू जाणत्या कुत्र्याच्या पट्ट्याला जोडून फिरवतात. माग हरवला की चांगला हंट्समन शिंग न वाजवता गप्प उभा राहतो आणि कुत्र्यांना आपले आपण शोधू देतो. २००४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये अशा शिकारीवर बंदी आली; भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

ग्वाल्हेर संस्थानच्या नावाजलेल्या शिकारीत डोरिया असणारच असे वाटते; हा गैरसमज दूर करायला हवा. तिथल्या शिंदे महाराजांच्या शिकारीचे नाव झाले ते शिवपुरीच्या जंगलातल्या वाघांमुळे. तिथे हाकारे, हत्ती आणि मचाण. डोरियाला काम नाही. त्याचा प्रांत ससा, कोल्हा, फार तर रानडुक्कर. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत शिकारीच्या गोष्टी निघतात त्या वाघाच्याच. दोरी धरणारा त्यांत क्वचितच येतो.

त्याच्या विद्येला नवे घर मात्र ग्वाल्हेरजवळच मिळाले. झाशी रस्त्यावरच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत १९७० पासून राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. अलीकडे तिथे रामपुरी आणि मुधोळही तयार केले जातात. धावणाऱ्या सशावर झेप घेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या या जातींना स्फोटके हुंगायला शिकवायचे म्हणजे सगळे उलटेच. वास लागला तरी भुंकायचे नाही, उकरायचे नाही. जागीच बसायचे आणि दोरी धरणाऱ्याकडे पाहायचे.