दुहेरी पॉवर सप्लायची चाचणी : पार्श्वभूमी

रॅकमधल्या (उपकरणे एकावर एक बसवायच्या चौकटीतल्या) उपकरणाला, एक बंद पडला तरी दुसऱ्यावर चालावे म्हणून, दोन पॉवर सप्लाय (बाहेरची वीज उपकरणाला लागेल तशी करून देणारे भाग) देण्याची पद्धत संगणकांबरोबर आली असा समज आहे. प्रत्यक्षात तिचे मूळ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. १९ इंची रॅकही तिथलाच. एक्स्चेंजची यंत्रणा उणे ४८ व्होल्टवर चालत असे, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारे यंत्र) आणि बॅटरी कायम समांतर जोडलेले असत, आणि गरजेपेक्षा एक रेक्टिफायर जास्त बसवलेला असे. त्या काळची चाचणी सोपी होती. बाहेरची वीज बंद करायची, भार बॅटरीवर जाऊ द्यायचा आणि पायलट सेलमधील, म्हणजे नमुन्यासाठी निवडलेल्या एका सेलमधील, आम्लाची घनता हायड्रोमीटरने मोजून वहीत लिहायची. वीज गेली तरी ग्राहकाला पत्ता लागत नसे, कारण बॅटरी मुळातच जोडलेली असे. ‘बदली’ अशी काही घडतच नसे.

१९९० नंतर सर्व्हर आणि नेटवर्क स्विच आले तेव्हा चित्र बदलले. आता उपकरणाच्या पेटीतच दोन सप्लाय, प्रत्येकाला वेगळी केबल, आणि दोघांची बाहेर येणारी वीज डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) एका सामाईक पट्टीवर एकत्र. डायोडचे काम एवढेच की एक सप्लाय शॉर्ट झाला तर त्याने दुसऱ्याची वीज ओढून घेऊ नये. पण हा डायोडच शॉर्ट झाला तर रोजच्या कामात काहीही फरक दिसत नाही, दोन्ही हिरवे दिवे लागलेलेच राहतात. तो दोष शोधण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे : एका सप्लायची केबल काढायची आणि डायोडच्या अलीकडे, म्हणजे त्या सप्लायच्या बाजूला, मीटर लावायचा. व्होल्टेज थोड्या वेळात शून्याकडे उतरले तर डायोड ठीक. सामाईक पट्टीचे पूर्ण व्होल्टेज तिथे टिकून राहिले तर डायोड गेलेला आहे. पुढे डायोडच्या जागी मॉसफेट (तेच काम कमी वीज वाया घालवून करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आले, उष्णता कमी झाली, मात्र बंदिस्त पेटीत मीटर लावायला जागा उरली नाही.

खरा वाद झाला तो चालू उपकरणाची केबल काढावी की नाही, यावर. यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा एक गट म्हणत असे की अलार्म आणि पॅनेलवरील आकडे पुरेसे आहेत. धडधाकट यंत्रणेला हात लावून ती पाडण्यात शहाणपण नाही. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. दोन सप्लाय निम्मा निम्मा भार वाहत असतात, एक काढताच दुसऱ्यावर तो क्षणात दुप्पट होतो, आणि ज्याचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) आतून वाळला आहे असा सप्लाय अर्ध्या भारावर वर्षानुवर्षे ठणठणीत दिसून नेमका तेव्हाच कोसळतो. पण हाच मुद्दा केबल काढण्याच्या बाजूनेही जातो, कारण पॅनेलवरील आकडे तो सप्लाय पूर्ण भार पेलेल का, हे सांगत नाहीत.

त्यातही केबल किती वेळ काढून ठेवावी, याकडे दोन्ही गटांनी पुरेसे लक्ष दिले नाही. समजा ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन फीडवर (रॅकला वीज आणणाऱ्या वेगळ्या लाइनींवर) १६ अँपिअरचे एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारे स्विच) आहेत आणि प्रत्येकातून १२ अँपिअर जात आहेत. क्लॅम्प मीटरवर दोन्ही मर्यादेत दिसतात. ‘अ’ बंद केला की ‘ब’ मधून २४ अँपिअर वाहू लागतात. एमसीबी लगेच पडत नाही. आतली द्विधातूची पट्टी तापायला काही मिनिटे लागतात, आणि मग संपूर्ण रॅक अंधारात जातो. केबल काढून मिनिटभरात परत लावणारी चाचणी इथे दर वेळी उत्तीर्ण ठरते. रॅकमध्ये मागाहून वाढवलेली कार्डे आणि डिस्क यांमुळे हा भार कोणाच्या लक्षात न येता चढलेला असतो, आणि कधीकधी तर दोन्ही केबली मागे एकाच प्लगपट्टीत, एकाच यूपीएसवर गेलेल्या आढळतात.

गोव्यात या प्रश्नाला ऋतूचे परिमाण आहे. राज्यात मोठी वीजनिर्मिती नाही, वीज बाहेरून येते. पहिल्या पावसात विजांचा कडकडाट आणि तारांवर पडणाऱ्या माडाच्या झावळ्या या नेहमीच्या बाबी आहेत, आणि किनाऱ्यालगतची खारी, दमट हवा प्लगच्या पिना व रिलेचे संपर्क गंजवते. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी मे महिन्यात ठरवून वीजपुरवठा बंद केला जातो. पणजी, वेर्णे, मडगाव येथील लहान सर्व्हर खोल्यांना ही आयतीच संधी असते, मात्र तेव्हा जनरेटर आणि यूपीएस दोन्ही फीडना सारखेच सांभाळतात, त्यामुळे सप्लायची स्वतंत्र परीक्षा होतच नाही. ती हवी असेल तर एक फीड मुद्दाम बंद करावा लागतो.

अलीकडची गुंतागुंत वीजबचतीतून आली आहे. अर्ध्याहून कमी भारावर सप्लायची कार्यक्षमता घसरते, म्हणून अनेक सर्व्हर एक सप्लाय जवळजवळ झोपवून सगळा भार दुसऱ्यावर टाकतात. चालू सप्लाय गेला की झोपलेल्याने जागे होईपर्यंत, म्हणजे मिलिसेकंदांच्या हिशेबात, आतल्या कपॅसिटरनी सामाईक पट्टीवरचे व्होल्टेज तोलून धरायचे असते. अशा उपकरणात झोपलेल्या सप्लायची केबल काढली तर काहीच सिद्ध होत नाही. चालू असलेल्याचीच काढावी लागते, आणि दोघांच्या भूमिका अदलून तीच चाचणी पुन्हा करावी लागते.