आवराआवरीत फायली का जातात?

संगणकातील एखादी महत्त्वाची फाइल कायमची गेली की डिस्क बिघडली असेल किंवा व्हायरस शिरला असेल, असा तर्क आपण आधी करतो. ती शक्यता असतेच. पण धडधाकट संगणकावरून फायली जाण्याचाही एक नित्याचा प्रसंग आहे, आणि तो म्हणजे आवराआवरी. फोल्डर एकत्र करणे, जुन्या ड्राइव्हवरचा मजकूर नव्या ड्राइव्हवर नेणे, दुबार प्रती काढून टाकणे ही कामे आपण फायली नीट राहाव्यात म्हणून हाती घेतो आणि नेमक्या त्याच वेळी त्या गमावून बसतो. याचे कारण वापरणाऱ्याच्या वेंधळेपणात शोधण्यापेक्षा संगणक फायली कशा ठेवतो यात शोधावे, असे मला वाटते. कारण फाइल लावणे आणि फाइल पुसणे या संगणकाच्या लेखी अगदी जवळच्या क्रिया आहेत.

पडद्यावर फोल्डरचे चित्र दिसते, ते उघडले की आत फायली दिसतात, त्यामुळे फायली त्या फोल्डरच्या पोटात आहेत अशी आपली समजूत होते. डिस्कवर तशी रचना नसते. फाइलमधला मजकूर डिस्कवर जिथे जागा मिळेल तिथे, पुष्कळदा तुकड्यातुकड्यांत पडलेला असतो, आणि फोल्डर म्हणजे केवळ एक यादी असते: अमुक नाव, आणि त्या नावाचा मजकूर कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा क्रमांक. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि तिच्या वंशातील लिनक्स यांत या नोंदीला आयनोड म्हणतात; विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत अशा सर्व नोंदी मास्टर फाइल टेबल नावाच्या एका मोठ्या तक्त्यात असतात. फाइल डिलीट करण्याची आज्ञा दिली की यादीतले नाव निघते, नोंद मोकळी झाल्याची खूण होते आणि मजकुराने व्यापलेली जागा नव्या मजकुरासाठी उपलब्ध म्हणून जाहीर होते. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून जमीन जागची हलत नाही, तसा हा व्यवहार आहे.

आता फाइलचे नाव बदलणे किंवा ती त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणे म्हणजे काय, तेही याच यादीवरून उलगडते. एका यादीतून नाव काढायचे आणि दुसऱ्या यादीत घालायचे, इतकेच ते काम आहे. म्हणूनच ४० जीबीचा व्हिडिओ एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये क्षणार्धात जातो. त्यातला एकही बाइट हललेला नसतो. या रचनेचा एक परिणाम अनेकांना चकित करतो. लिनक्समध्ये फाइलवर ‘फक्त वाचण्यासाठी’ असे बंधन घातले तरी ती डिलीट करता येते, कारण डिलीट करताना बदल फाइलमध्ये होत नसून तिला धरून ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये होतो, आणि परवानगीही फोल्डरचीच पाहिली जाते. महत्त्वाची फाइल केवळ ‘रीड ओन्ली’ करून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताना मात्र चित्र बदलते. नुसते नाव इकडून तिकडे नेऊन भागत नाही, मजकूर खरोखर वाहून न्यावा लागतो. म्हणून संगणक आधी नवी प्रत करतो आणि मग मूळ फाइल डिलीट करतो. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ या एका कृतीत अशा दोन क्रिया दडलेल्या असतात. मध्येच पेनड्राइव्ह ओढून काढला, वीज गेली किंवा केबल सैल झाली, तर काही फायली जुन्या जागी, काही नव्या जागी आणि एखादी अर्धवट, अशी अवस्था होते. म्हणून ड्राइव्ह बदलताना कट कधीच करू नये. कॉपी करावी, दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे, काही फायली उघडून बघाव्यात, आणि मूळ फायली काही दिवसांनी, वेगळ्या बैठकीत काढाव्यात. मजकूर फारच मोलाचा असेल तर दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ ठसा काढून ताडून पाहता येतो. फाइलमधील सर्व बाइट्सवर गणिती प्रक्रिया करून मिळणारा हा ६४ अक्षरांचा आकडा एका बिटच्या फरकानेही पूर्ण बदलतो. लिनक्समध्ये तो ‘एसएचए२५६सम’ या आज्ञेने आणि विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ने मिळतो.

डिलीट शब्दाचा उच्चारही न होता फाइल जाते, ती सारख्या नावांमुळे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या फायलींना नावे देण्याचा जो प्रचलित मानक आहे, त्यात शेवटी चार अंकी क्रमांक असतो. तो ९९९९पर्यंत गेला की पुन्हा ०००१पासून सुरू होतो. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याने काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन वेगळ्या छायाचित्रांचे नाव तंतोतंत एक असू शकते. असे दोन फोल्डर एकत्र करताना विंडोज ‘बदलायचे का?’ असे विचारते, आपण घाईत ‘सर्वांसाठी हो’ म्हणतो, आणि जुन्या छायाचित्राच्या नावावर नवे छायाचित्र बसते. ही डिलीट केलेली फाइल नव्हे, त्यामुळे ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. डिलीटपेक्षा या ‘बदला’ बटणाची मला अधिक काळजी वाटते, कारण त्याचे नुकसान अनेक महिन्यांनी कळते. छायाचित्रे संगणकावर उतरवताच नावाआधी तारीख जोडावी, आणि ती वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०२४-०८-१५ अशी लिहावी. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हाच क्रम आहे, आणि तो पाळला की नावांच्या क्रमाने लावलेल्या फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

मराठीत नावे देणाऱ्यांसाठी येथे थोडे अधिक सांगायला हवे. ‘कऱ्हाड’ या नावातील ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण विंडोज आणि लिनक्स ती दोन वेगळी नावे समजतात, तर मॅकची आजची फाइल-व्यवस्था ती एकच मानते. विंडोजवर शेजारी शेजारी नांदणाऱ्या अशा दोन फायली मॅकवर नेल्या, तर एका फाइलच्या जागी दुसरी बसण्याचा धोका असतो. लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सच्या प्रचलित फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट्सची असते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट्स घेते. ‘ग्रामपंचायत’ या शब्दात काना, अनुस्वार आणि हलन्त धरून ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट्स झाले. एकूण ८५ चिन्हांच्या पुढे नाव जाऊ शकत नाही. घरगुती नेटवर्क स्टोरेजच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडून फायली ठेवण्याच्या, पुष्कळ पेट्या आत लिनक्सवरच चालतात, त्यामुळे विंडोजवर चाललेले लांबलचक मराठी नाव तिथे नाकारले जाते, आणि शेकडो फायलींच्या कॉपीत तेवढ्या दोन-चार मागे राहिल्याचे लक्षात येत नाही. मराठी नावे सोडून देण्याचे हे कारण नाही. नाव आटोपशीर ठेवणे पुरेसे आहे.

‘रिकामे’ आणि ‘दुबार’ दिसणारे फोल्डर काढून टाकण्याचा मोह संगणक कंपन्यांनाही महागात पडला आहे. विंडोज १०चे एक मोठे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसृत केले आणि काही दिवसांतच थांबवले, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतील फायली नाहीशा झाल्या होत्या. ज्यांनी हे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण जुन्या जागी काही फायली तशाच ठेवल्या होत्या, त्यांना हा फटका बसला. जुन्या जागी एकाच नावाचे रिकामे फोल्डर दिसतात अशी तक्रार होती, म्हणून ते काढून टाकण्याची सूचना नव्या आवृत्तीत घातली गेली. फोल्डर खरोखर रिकामे आहे का, हे तपासले गेले नाही. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी आली. या घटनेतून घरच्या संगणकासाठी एक नेमकी सवय निघते: फोल्डर काढण्यापूर्वी त्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आतल्या फायलींची संख्या पाहावी. लपवलेल्या फायलीही असू शकतात, म्हणून डोळ्यांना रिकामे दिसणे पुरेसे नाही.

रिसायकल बिनवर आपला मोठा भरवसा असतो. विंडोजमध्ये फाइल बिनमध्ये जाते तेव्हाही घडते ते नामांतरच. ती त्याच ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये सांकेतिक नावाने जाते, आणि तिचा मूळ पत्ता, आकार व डिलीट केल्याची वेळ शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहिली जाते. पण शिफ्ट धरून डिलीट केले, कमांड लाइनवरून डिलीट केले, किंवा फाइल पेनड्राइव्हवर अथवा कार्यालयाच्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर असली, तर ती बिनमध्ये जात नाही. बिनच्या मर्यादेहून मोठी फाइलही कायमची काढू का, असे विचारले जाते. फोल्डर अचानक दिसेनासा झाला तर मात्र आधी शोध घ्यावा. माउस ओढला जाऊन तो शेजारच्या फोल्डरमध्ये सरकलेला असणे फार सामान्य आहे, आणि तेवढ्यात दुसरे काही केले नसेल तर कंट्रोल आणि झेड दाबल्यास तो परत येतो.

बिनमधूनही गेलेली फाइल परत मिळेल का, याचे उत्तर डिस्कच्या जातीवर अवलंबून आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर मजकूर नव्या मजकुराखाली दबेपर्यंत तसाच राहतो, म्हणून त्या ड्राइव्हवर काहीही न लिहिता, फाइल परत मिळवणारा प्रोग्रामही त्यावर न टाकता, ताबडतोब काम थांबवले तर आशा असते. एसएसडीचे, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश स्मृतीच्या चिपांवर मजकूर ठेवणाऱ्या ड्राइव्हचे, तसे नाही. फ्लॅश स्मृतीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी पूर्ण ब्लॉक कोरा करावा लागतो. हे काम वेळेआधी उरकता यावे म्हणून कोणती जागा आता निरुपयोगी झाली हे संगणक ‘ट्रिम’ या आज्ञेने एसएसडीला कळवतो. विंडोजमध्ये ही सोय २००९ सालच्या विंडोज ७पासून आहे. ट्रिम झालेली जागा वाचायला गेल्यास बहुधा शून्येच हाती लागतात. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, त्यामुळे ‘डिलीट झालेले परत काढता येते’ हा जुना दिलासा आता धरून चालू नये.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर सिंक असलेले फोल्डर म्हणजे बॅकअप, हा समजही तितकाच घातक आहे. सिंकचे काम दोन जागा एकसारख्या ठेवणे हे आहे, आणि ते काम ते चोख करते: संगणकावर डिलीट केले की क्लाउडमध्ये आणि फोनवरही डिलीट होते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते आणि मग आपोआप जाते. बॅकअप म्हणजे मूळ जागी केलेली चूक जिथे पोहोचत नाही अशी प्रत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम त्यासाठी पुरेसा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

बॅकअपची यंत्रणाही फायली डिलीट करतेच, कारण जुन्या प्रती काढल्याशिवाय तिला जागा मिळत नाही. जपानच्या क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१मध्ये महासंगणकाच्या बॅकअप प्रोग्राममधील जुन्या लॉग फायली (कामकाजाच्या नोंदी) काढणारी आज्ञावली, ती चालू असतानाच बदलली गेली. फोल्डरचे नाव जिथे यायचे तिथे काहीच आले नाही आणि संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, म्हणजे ७७ टीबी मजकूर गेला. १४ संशोधन गटांना झळ पोहोचली आणि त्यांतील चार गटांचा मजकूर परत मिळवता आला नाही. म्हणून बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, आणि अधूनमधून तिच्यातील एखादा फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातल्या फायली खरोखर उघडतात का, हे पाहावे.