स्वस्तातली जमीन घेताय? टोकन देण्याआधी हे वाचा

नमस्कार.

"दोन एकर, डोंगरउतार, बारमाही वहाळ (ओढा), समुद्र अर्ध्या तासावर, मालक गरजू, लगेच व्यवहार." असा मेसेज फोनवर आला की बरेच जण आमच्याकडे येतात, आणि तोवर काहींचं टोकन देऊन झालेलं असतं. हे पत्रक त्याच्या आधीच्या टप्प्यासाठी आहे. आम्ही जमीन विकत नाही, दलालीही करत नाही. मंडणगड, दापोली, खेड, गुहागर आणि चिपळूण या तालुक्यांत तुम्ही घेऊ पाहताय त्या जमिनीचे कागद आणि जागा तपासून देणं, आणि घेतल्यावर तिथे पाणी व सौर विजेची सोय लावून देणं, एवढंच आमचं काम.

आजूबाजूच्या दरापेक्षा एखादा तुकडा निम्म्याने मिळत असेल तर त्याला कारण असतंच. वाट नाही, पाणी नाही, वारस फार, सातबाऱ्यावर शेरा, नाहीतर खाली नुसता कातळ. यातली काही कारणं पैसा आणि धीर असेल तर परवडतात, काही कधीच परवडत नाहीत. आपल्या तुकड्याचं कारण कोणतं हे कळेपर्यंत इसार देऊ नका. आणि विकणाऱ्याला घाई असली म्हणून आपल्यालाही असावी असं नाही.

तुम्हाला घेता येते का?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ तसं सांगतं, आणि बिगरशेतकऱ्याला त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "शेतकरी दाखला आम्ही करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. बनावट दाखल्यावर झालेल्या खरेदीची तहसीलदार कलम ८४क खाली चौकशी करू शकतात, व्यवहार बेकायदा ठरू शकतो, आणि तोवर दाखला करून देणारा माणूस फोन उचलायचा बंद झालेला असतो.

बऱ्याच मुंबई-पुणेकरांची गावी वडिलोपार्जित जमीन असते, पण आजोबा गेल्यावर वारसनोंद करायची राहून गेलेली असते. ती आधी करून घ्या. सातबाऱ्यावर नाव लागलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. गावाकडे काहीच नसेल तर बिगरशेती झालेला प्लॉट किंवा गावठाणातलं जुनं घर हा सरळ मार्ग. आमच्या मते जुनं घर पुष्कळदा मोकळ्या जमिनीपेक्षा बरं, कारण वाट, विहीर आणि शेजार आयता मिळतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: अनिवासी भारतीयांना परकीय चलनाच्या फेमा कायद्यानुसार शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. भावाच्या नावावर घेऊन ठेवायचा सल्ला आम्ही देत नाही. सीमेपलीकडे गोव्यातही २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंदी आली आहे.

सातबारा कसा वाचायचा

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. दलालाने पाठवलेला फोटो चालवून घेऊ नका, स्वतः काढा. आता एक नमुना डोळ्यांसमोर धरा.

क्षेत्राच्या रकान्यात ०.८०.०० असं आहे, म्हणजे ८० आर, दोन एकराला थोडं कमी. खाली लागवडीयोग्य ०.२२ आणि पोटखराब ०.५८. म्हणजे कागदोपत्री दोन एकरांतला दीड एकर कातळ, ओघळ किंवा कडा. पोटखराब 'अ' असेल तर निदान ती जागा तुमच्या उपयोगाची, 'ब' असेल तर ती नाला, रस्ता अशा सार्वजनिक गोष्टींसाठी राखलेली. दर मात्र पूर्ण ८० आरचा सांगितला जातो.

नावांच्या रकान्यात पहिल्या नावापुढे "ए.कु.मॅ." दिसेल. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून कधीकाळी लागलेलं हे एक नाव, त्यामागे पूर्ण घराणं असतं. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं ही रोजची गोष्ट. त्यातले दोघे गावात, बाकीचे लालबाग, नालासोपारा, डोंबिवली, एखादा दुबईला. बहिणींची नावं लागलेली नसली तरी त्यांचा हक्क संपलेला नसतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर मुलगी मुलाच्या बरोबरीने सहदायाद आहे. एकाच वारसाने "माझा हिस्सा" म्हणून विकला तर तुम्हाला मिळतो तो अविभक्त हिस्सा. तो डोंगरावर नेमका कुठे, हे वाटप होईपर्यंत कुणीच सांगू शकत नाही. सगळ्यांच्या सह्या गोळा होत नसतील तर ती जमीन कितीही देखणी असो, सोडा.

मग "इतर हक्क". इथे सगळा खेळ असतो. "कुळकायदा कलम ४३ ला पात्र" असा शेरा असेल तर जमीन कुळाला मिळालेली आहे. खरेदीच्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून ती विकता येते, आणि कोकणात आकार इतका कमी असतो की ही रक्कम किरकोळ निघते. म्हणजे हा शेरा घाबरण्याचा नाही, पण नजराणा खरेदीखताआधी भरलेला हवा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर निर्बंध असलेली जमीन, असेल तर कुणाची परवानगी लागते ते तपासावं लागतं. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ लागू होतं, त्या वाटेला जाऊ नका. आणि "खाजगी वन" असा शेरा असेल तर आम्ही ती जागा पाहायलाही येत नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखालची जमीन ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारकडे गेलेली असते. तिच्यावर घर तर सोडाच, झाड तोडणंही अंगाशी येतं.

फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, मागे जाऊन वाचावे लागतात, निदान तीस वर्षांचे. ते आम्ही वकिलांकडून करून घेतो.

तुकडा किती लहान चालतो हाही प्रश्न येतो. २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र. "पाच गुंठ्यांचा फार्म प्लॉट, सामाईक सातबाऱ्यावर नाव" अशा योजना त्यातून पळवाट काढतात. दहा अनोळखी माणसांबरोबर एका सातबाऱ्यावर बसायचं, आणि पुढे विकताना त्या दहांच्या मागे फिरायचं. शिवाय ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एकरापेक्षा, कमी शेतजमिनीवर राहण्याजोगं शेतघर नियमात बसत नाही.

हद्द आणि वाट

"त्या रायवळ आंब्यापासून खालच्या गडग्यापर्यंत (दगडी बांधापर्यंत)" अशी हद्द दाखवली जाते. आपल्याकडे हिस्सा सातबाऱ्यावर असतो, पण पुष्कळदा त्याची पोटहिस्सा मोजणी कधी झालेलीच नसते, म्हणून नकाशात फक्त अख्खा सर्व्हे नंबर दिसतो. खरेदीआधी विकणाऱ्याला भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करायला लावा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, सर्व्हेअर खुणा दाखवतो, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. वेळ लागतो. गडग्याची जागा गावात किती नाजूक असते हे ज्याला माहीत आहे तो हा वेळ देतो.

वाटेबद्दल तोंडी शब्दावर जाऊ नका. "सगळे इथूनच जातात" हे खरं असतं, जोवर तुम्ही पायी जाता. जेसीबी आणि चिऱ्याचा ट्रक न्यायची वेळ आली की शेजाऱ्याला आपला बांध आठवतो. नकाशात रस्ता आहे का, नसेल तर वाटेवरच्या जमीनमालकांकडून नोंदणीकृत हक्क मिळतो का, हे आधी पाहायचं. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण गावात पाऊल टाकायच्या आधीच भांडण घेऊन जाणं आम्हाला पटत नाही.

पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. जांभा सच्छिद्र असतो, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळ पठारावर, पडलेलं पाणी झिरपून खाली पायथ्याशी निघतं. सड्यावरची जमीन म्हणून स्वस्त. डिसेंबरात दाखवलेला "बारमाही" वहाळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहा. शेजारच्या विहिरीत दोरी सोडा, किती ओली येते ते बघा, आणि पाणी भरायला आलेल्या बाईंना विचारा. दलालापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. बोअरवर सगळा भरवसा ठेवू नका, जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागला की बोअर ढासळतो. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदताही येत नाही.

आमचा भर छपरावर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर, म्हणजे १,८०,००० लिटर. गळती आणि पहिल्या पावसाचं मळकं पाणी सोडलं तरी दीड लाखाच्या आसपास. दोन माणसांना रोजचे २०० लिटर धरले तर नोव्हेंबर ते मे, साधारण २१० दिवस, ४२,००० लिटर लागतात. पाच मीटर लांब, चार रुंद, अडीच खोल अशी बंद टाकी ५०,००० लिटरची होते. पाऊस इथे कमी नाहीच, टाकी कमी पडते. घराच्या बजेटमध्ये तिचा खर्च पहिल्या ओळीत लिहा.

वीज

महावितरणचा खांब शेजारच्या बांधावर असेल तर हौसेखातर मीटर टाळू नका. खांब लांब असेल तर सौर.

सहा दिवे, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, एक छोटा फ्रीज, फोन-लॅपटॉप-राऊटर: दिवसाला सव्वादोन ते अडीच युनिट. एक किलोवॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात चारेक युनिट देतं, पण जुलैच्या सलग झडीत त्याचा चौथा हिस्साही न मिळणारे दिवस येतात. म्हणून आम्ही दोन किलोवॉट आणि पाच युनिटची लिथियम बॅटरी सुचवतो, आणि झडीत फ्रीज बंद ठेवायची तयारी. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची, वापरायची निम्मीच. पंप बॅटरीवर चालवू नका. दिवसा पॅनेलवर थेट चालवून पाणी वरच्या टाकीत चढवा, तिथून ते उताराने घरात येतं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात कित्येक गावांना वीज परत यायला आठवडे लागले. त्यामुळे सौर उपयोगी खरंच, पण त्याच वादळात छपरं पत्र्यासकट गेली. पॅनेलचा सांगाडा काँक्रीटच्या पायात बांधावा लागतो. कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही, त्याला वेगळा खड्डा आणि माती लागते. वीज पडण्याचा काळ पाहता इथे काटकसर नको.

आणखी काही

देखावा छान म्हणून कड्याच्या टोकाला घर मागणारे पुष्कळ भेटतात. उतार उभा कापून सपाटी काढायला आम्ही तयार होत नाही. तळिये २०२१ ला दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी २०२३ ला. फेब्रुवारीपासून वणवे लागतात. हद्दीभोवती गवत काढून पट्टा मोकळा ठेवायला गावातला माणूस लागतो, त्याचा पगार धरा. फुरसं हा विषारी साप या जिल्ह्यात भरपूर, तेव्हा प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे ते रात्री गाडीने जाऊन पाहा. माकडं तुमची केळी खाणार, त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

आमच्याकडे येताना

सातबारा, ८अ (खात्याचा उतारा), असतील तेवढे फेरफार, तुमच्या स्वतःच्या शेतजमिनीचा उतारा आणि जागेचं फोनवरून घेतलेलं लोकेशन एवढं आणा. कागद आधी पाहतो. त्यातच नकार निघाला तर जागा पाहण्याची फी लावत नाही. जागेची पहिली पाहणी एप्रिल-मेमध्ये, वाट आणि ओघळ पाहायला दुसरी जुलैत. फी आधी लेखी ठरते, जमिनीच्या किमतीवर नाही, आणि आमच्या अहवालानंतर तुम्ही व्यवहार सोडलात तरी ती तेवढीच राहते.