ऑटिझम: शरीर वेळेवर मोठं होतं

ऑटिझम असलेल्या मुलांचं शरीर बहुधा इतरांच्याच सुमाराला वयात येतं. बोलणं चार शब्दांवर अडलेलं असलं तरी पाळी यायची तेव्हा येते, मिसरूड फुटायचं तेव्हा फुटतं. पालक मात्र तोवर स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी) आणि शाळा यांतच गुंतलेले असतात. म्हणून सातव्या-आठव्या वर्षापासूनच मुलाच्या प्रत्येक सवयीकडे बघताना स्वतःला विचारावं, हेच सोळाव्या वर्षी चालेल का?

भेटेल त्याला मिठी मारणं किंवा पँट घोट्यापर्यंत सोडून लघवीला उभं राहणं लहानपणी खपून जातं. पुढे त्यावरूनच तक्रारी होतात, आणि मुलाला काही उमगत नाही, कारण इतकी वर्षं कुणी हरकतच घेतलेली नसते. मिठी घरच्यांना, बाकी सगळ्यांना नमस्कार, हे आधीच पक्कं करावं. 'इथे नको' एवढ्याने भागत नाही, कुठे चालेल तेही दाखवावं लागतं. हस्तमैथुनाचंही तसंच. मारहाण न करता, गाजावाजा न करता त्याच्या खोलीकडे न्यावं, दार लावायला शिकवावं.

पाळीची तयारी पाळी येण्याआधी सुरू करायची. पॅडचा जाडसर, चिकट स्पर्श सहन न झाल्याने अनेक मुली ते ओढून फेकतात, म्हणून आधी रोज थोडा वेळ कोरडं पॅड लावायची सवय करावी. निकरवर मार्करने पॅडचा आकार काढून ठेवला की ते कुठे चिकटवायचं हे सांगावं लागत नाही. मग कामाचे तुकडे पाडायचे: कडी लावणं, निकर खाली करणं, जुनं पॅड काढणं, कागदात गुंडाळून डब्यात टाकणं, नवं चिकटवणं, निकर वर घेणं, हात धुणं. शिकवायचं मात्र उलट्या क्रमाने. सुरुवातीला हात धुणं तेवढं तिने करायचं. ते न सांगता जमलं की निकर वर घेणंही तिच्याकडे. अशाने काम दर वेळी तिच्याच हातून पुरं होतं.

हे फसतं ते बहुधा आपल्या बोलण्यामुळे. 'आता हात धू' हे दर वेळी म्हटलं की ते वाक्यच कामाचा भाग बनतं, आणि मुलगी ते ऐकू येईपर्यंत नळासमोर उभी राहते. त्यापेक्षा भिंतीवर चित्रं लावावीत आणि मागे उभं राहून, हाताला हात लावून मदत करावी; ती हळूहळू कमी करता येते. 'भिजलं की बदल' हेही मोघम. साधारण चार तासांनी, म्हणजे मधली सुट्टी, घरी आल्यावर, झोपताना, अशा ठरलेल्या वेळा द्याव्यात.

ठाण्याहून वाशीला एकट्याने जाणंही असंच शेवटाकडून शिकवता येतं: आधी फक्त सानपाडा ते वाशी, मग तुर्भ्यापासून. इथे एक खोच आहे. ठाण्याहून सुटणारी प्रत्येक ट्रान्स-हार्बर लोकल वाशीला जात नाही. काही गाड्या तुर्भ्यानंतर जुईनगर, नेरुळकडे वळतात. स्टेशनं मोजायला शिकवलेला मुलगा तिथे हमखास चुकतो. 'वाशी' लिहिलेलं कार्ड इंडिकेटरशी जुळवायला शिकवावं, वाचता येत नसलं तरी हे जमू शकतं. गळ्यात फोन नंबर हवाच.

वयात येताना मूल अचानक मारायला-चावायला लागलं, तर 'वयच तसं आहे' म्हणण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठ आणि पोटदुखी तपासून घ्यावी. दुखतंय हे सांगता न येणारं मूल ते वागण्यातूनच सांगतं. अपस्मार, म्हणजे फिट येणं, पहिल्यांदा याच वयात दिसू शकतो. झटका आल्यास कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल.

अठरा पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, आणि हे अनेकांना बँकेत गेल्यावर कळतं. ज्याला स्वतःचे निर्णय समजतात त्याला पालक नेमायची गरज नाही. इतरांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. नवी मुंबईकरांनी इथे जिल्हा तपासावा: ऐरोली ते बेलापूर ठाण्यात, खारघर-कामोठे मात्र रायगडमध्ये.