अंडाशयातली गाठ: मूळ कुठलं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ओव्हरीत गाठ’ एवढं वाचलं की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो: कॅन्सर तर नाही ना? पेशी तपासून निदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न पडतो. ही गाठ इथलीच, की दुसरीकडून आलेली? या प्रश्नाने जाणत्यांनाही चकवलं आहे.

१८०९ साली अमेरिकेतल्या केंटकीत एफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या अंडाशयाची सुमारे १० किलोंची गाठ काढली. भूल देणं तेव्हा माहीतच नव्हतं. बाईंनी २५ मिनिटं सगळं सोसलं आणि पुढे ३२ वर्षं जगल्या. पण गाठ कसली होती हे पेशी बघून सांगणारं शास्त्र अजून जन्मायचं होतं. जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिर्खो यांचा पेशींवरचा ग्रंथ आला १८५८ मध्ये.

१८९६ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश क्रुकेनबर्ग यांनी अंडाशयाच्या एका ‘नव्या’ ट्यूमरचं वर्णन केलं. त्यातली पेशी एकदा पाहिली की विसरत नाही: पोटात चिकट म्युसिन गच्च भरलेलं, त्याच्या रेट्याने केंद्रक कडेला चेपून चंद्रकोरीसारखं झालेलं, जणू खड्याची अंगठी. क्रुकेनबर्ग यांना ही गाठ अंडाशयातच उपजलेली वाटली. १९०२ मध्ये श्लागेनहाउफर यांनी तिचं मूळ इतरत्र, बहुधा जठरात असल्याचं दाखवून दिलं. नाव मात्र क्रुकेनबर्ग यांचंच राहिलं. आजही अशा पेशी दिसल्या की आधी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने जठराची तपासणी, झाली आहे का, हे विचारलं जातं.

मग सुई घालून आधीच का तपासत नाहीत? पेशंट हे विचारतात, आणि विचारायलाच हवं. कॅन्सर गाठीच्या आतच असेल आणि सुईने ती फुटली, तर पेशी पोटात सांडतात आणि पहिल्या पायरीवरचा आजार पुढे सरकतो. म्हणून संशयास्पद गाठ शक्यतो अखंड काढतात, आणि गरज पडल्यास पेशंट टेबलावर असतानाच फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच मायक्रोस्कोपखाली तपासतात.

दुसरा चकवा आपल्या काळातला. बीआरसीए जनुकात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. असा दोष असलेल्या स्त्रियांच्या, खबरदारी म्हणून काढलेल्या गर्भनलिका २००१ मध्ये डच संशोधकांनी बारकाईने तपासल्या. कॅन्सरकडे झुकलेल्या पेशी नळीतच दिसल्या. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सर्वांत घातक सीरस कॅन्सर बहुतेकदा नळीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो, हे पुढे मान्य झालं. पूर्वी नळीचा एखादा तुकडा तपासून भागायचं. आता अशा केसमध्ये झालर उभी चिरतात, उरलेल्या नळीचे २-३ मिलिमीटरचे काप करतात आणि सगळंच्या सगळं मायक्रोस्कोपखाली पाहतात.